ड्रायर चांगला आहे हो, डक्ट बघा

गेल्या जुलैत एका मित्राचा फोन आला. वाकडला त्याची छोटी लॉन्ड्री आहे, पीजी-हॉस्टेलच्या चादरी आणि दोन-तीन जिमचे टॉवेल असं काम. म्हणे ड्रायर गेला वाटतं, मे महिन्यात चाळीस मिनिटांत निघणारी बॅच आता सव्वा तास घेतेय, मेकॅनिक म्हणतोय बर्नर बदला. मी म्हटलं थांब बाबा, पैसे देऊ नकोस, येतो मी. गेलो, ड्रायरकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मागच्या बोळात जाऊन डक्टच्या, म्हणजे ड्रायरची हवा बाहेर नेणाऱ्या पाइपच्या, तोंडाशी हात धरला. पंधरा किलोची मशीन फुल चालू आणि बाहेर हवा किती, तर बशीतल्या चहावर फुंकर मारावी तेवढी.

हॉटेल लॉन्ड्रीच्या मेंटेनन्समध्ये मी बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे सवयच लागलीय की ड्रायरची तक्रार आली की आधी भिंतीच्या पलीकडे जायचं. आपल्याकडे वीस-बावीस लाख घालून लॉन्ड्री टाकणारा माणूस मशीनच्या ब्रँडवर महिनाभर घासाघीस करतो आणि डक्टचं काम मात्र "ते तुम्ही बघून घ्या" म्हणून शेजारच्या फॅब्रिकेटरला देतो, तो बिचारा ग्रिल-गेट करणारा, त्याला कुणी सांगितलंय काय न्यायचंय ते.

तर आधी ड्रायर करतो काय ते बघू. पंधरा किलो टॉवेल हायड्रोमधून (गरगर फिरवून कपडे पिळणारं मशीन) पिळून काढले तरी त्यात साधारण आठ लिटर पाणी उरतं, म्हणजे अर्धी बादली समजा. हे पाणी कुठे जाणार? ड्रायरमध्ये ते नाहीसं होत नाही, त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेबरोबर बाहेर जाते, बास. उष्णता फक्त मदतीला असते, खरं काम हवा करते. ३० डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, तीच हवा ५० डिग्रीला नेली की ८० ग्रॅमच्या वर मावतं. म्हणून हवा गरम करायची, कपड्यांतून फिरवायची, पाणी उचललं की लगेच बाहेर फेकायची आणि नवीन घ्यायची. हमालासारखं आहे ते, पोतं उचललेला हमाल दारातच अडकून राहिला तर मागचे सगळे थांबतात, मग तुम्ही त्यांना कितीही जेवायला घाला. बर्नर मोठा करणं म्हणजे जेवायला घालणं, डक्ट मोकळा करणं म्हणजे दार उघडणं.

आता ही हवा किती लागते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पंधरा किलोची मशीन मिनिटाला ५०० घनफूट हवा सहज फेकते (लॉन्ड्रीवाले ५०० सीएफएम म्हणतात ते हेच). दहा बाय बाराची खोली, दहा फूट उंची, म्हणजे १२०० घनफूट झाली. याचा अर्थ अडीच मिनिटांच्या आत ड्रायर खोलीतली सगळी हवा ओढून बाहेर टाकतो. हे वाक्य परत एकदा वाचा कारण पुढचं सगळं त्यातूनच येतं, बाहेर जाणारी हवाही आणि आत येणारीही.

बाहेर जाणारीबद्दल आधी. ड्रायरच्या पंख्यात जोर फार नसतो हो. हवा भरपूर ढकलतो पण अडथळा आला की लगेच हात टेकतो. बऱ्याच कमर्शियल मशीनच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की डक्टमधला उलटा दाब पाण्याच्या अर्ध्या इंचाच्या वर नको, काहींत तर त्याहूनही कमी. पाण्याचा अर्धा इंच म्हणजे काय ते समजायला गवंड्याची लेव्हलची नळी आठवा, ती पारदर्शक, ज्यात पाणी भरून दोन टोकांची पातळी बघतात. तसली छोटी नळी यू आकारात धरून एक टोक डक्टला पाडलेल्या बारीक भोकाला लावायचं, दुसरं मोकळं सोडायचं, आणि मशीन चालू केल्यावर दोन बाजूंच्या पाण्यात जो फरक पडतो तो तुमचा दाब. अर्धा इंच म्हणजे साडेबारा मिलिमीटर, करंगळीच्या रुंदीएवढं, एवढ्यातच सगळं भागवायचंय. मोजताना मशीनमध्ये कपडे नकोत आणि मशीनची कापूस पकडणारी जाळी साफ हवी, आणि नंतर ते भोक फॉइल टेपने बंद करायचं विसरू नका, आमच्याकडे एकदा विसरले होते आणि महिनाभर त्या भोकातून कापूस उडत होता.

हा अर्धा इंच कोण खातं? पहिला नंबर व्यासाचा. मशीनच्या मागे आठ इंचाचं तोंड आणि भिंतीत होल सहा इंचाचं, कारण कोअर कटिंगवाल्याकडे तेवढंच बिट होतं, हे मी किती ठिकाणी बघितलंय सांगता येणार नाही. दोनच इंचांचा तर फरक, असं वाटतं ना? पण तेवढीच हवा नेताना व्यास कमी कराल तसं डक्टमधलं घर्षण साधारण पाचव्या घाताने वाढतं, म्हणजे आठाचा सहा केलात की प्रत्येक फुटाला चौपटीहून जास्त अडथळा. त्यामुळे मशीनच्या तोंडापेक्षा लहान डक्ट कधीच नाही, लांब न्यायचा असेल तर उलट एक साइज मोठाच.

दुसरे बेंड. काटकोनातला प्रत्येक बेंड म्हणजे कित्येक फूट सरळ पाइप जास्तीचा लावल्यासारखं. काटकोनात गपकन वळवलेला असेल तर आणखी वाईट, लांब वळणाचा किंवा दोन पंचेचाळीसचे असतील तर बरं. किती फूट आणि किती बेंड चालतील हे प्रत्येक मशीनच्या मॅन्युअलमध्ये टेबल करून दिलेलं असतं, ते मॅन्युअल पिशवीसकट इलेक्ट्रिक पॅनेलच्या वर पडलेलं असतं, काढा आणि वाचा. मशीन कुठे ठेवायची ते ठरवतानाच बाहेरच्या भिंतीला पाठ लावून ठेवली तर निम्मे प्रश्न जन्मालाच येत नाहीत, पण आपण ती दर्शनी भागात ठेवणार, गिऱ्हाइकाला दिसायला.

तिसरी गोष्ट म्हणजे पाइप कशाचा. गुळगुळीत, कडक, धातूचा, जीआय (जस्त चढवलेला) पत्रा किंवा ॲल्युमिनियम. तो वळ्यावळ्यांचा चंदेरी लवचिक पाइप, जो किचनच्या चिमणीला लावतात, तो इथे नको, त्याच्या प्रत्येक वळीत लिंट (कपड्यांतून सुटलेला कापूस) बसते आणि फॉल्स सीलिंगच्या वर तो कुठे चेपलाय ते तुम्हाला कधी कळणारही नाही. पीव्हीसीचा ड्रेनेज पाइप तर अजिबातच नको. स्वस्त आहे, सहज मिळतो, सगळं खरं, पण ड्रायरमधून साठ-सत्तर डिग्रीची हवा येते, पीव्हीसी सत्तर-ऐंशीच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि आत आग लागली तर तो पाइपच जळणार. जोड देताना पुढच्या पाइपात मागच्याचं टोक घालायचं, हवेच्या दिशेने, पन्हाळीच्या पत्र्यासारखं, म्हणजे आत कडा समोर येत नाही. आणि स्क्रू मारायचे नाहीत! फॅब्रिकेटरचा हात आपोआप सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूकडे जातो, पण आत आलेलं प्रत्येक टोक म्हणजे लिंट अडकवायची खुंटी. बाहेरून क्लॅम्प आणि धातूची फॉइल टेप, कापडी टेप उष्णतेने वर्षभरात सुटून लोंबकळते.

लिंट म्हणजे टॉवेल-चादरीतून सुटणारा तो मऊ राखाडी कापूस, मशीनच्या जाळीवर रोज निघतो तो. जाळी सगळा पकडते असं समजू नका, बारीक तंतू पुढे जातातच. आणि तो पेटतो किती सहज हे बघायचं असेल तर चिमूटभर बाहेर मोकळ्या जागेत पेटवून बघा, कापराची आठवण येईल. डक्ट तुंबला की हवा कमी, हवा कमी की आत तापमान जास्त, तापमान जास्त आणि भोवती कापूस, एवढं साधं गणित आहे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशोब मांडला होता त्यात घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या, आणि सगळ्यात मोठं कारण काय तर साफसफाई न करणं, ३४ टक्के. ते घरातले ड्रायर, आठवड्यातून चार वेळा चालणारे. लॉन्ड्रीतली मशीन तेवढं एका सकाळीत चालते. म्हणूनच तिथल्या गॅस कोडमध्ये कमर्शियल ड्रायरचा डक्ट लाकूड वगैरे पेटणाऱ्या वस्तूंपासून कमीत कमी सहा इंच, म्हणजे १५० मिमी लांब ठेवायला सांगतात. आपल्याकडे प्लायवुडच्या पार्टिशनला भोक पाडून त्यातून घट्ट बसवतात, वर थर्माकोलचं सीलिंग.

मशीनमध्ये यासाठी एक रखवालदार असतो, एअरफ्लो स्विच. हवा कमी झाली की तो बर्नर बंद पाडतो. मित्राच्या मशीनवर हा स्विच काय करत होता? काहीच नाही, कारण आधीच्या कुणीतरी तो "डायरेक्ट" करून टाकला होता, दोन वायरी एकत्र पिळून वर टेप. सारखा ट्रिप होत होता म्हणे. अरे बाबा, तो खराब नव्हता, तो खरं बोलत होता! स्विच सारखा पडत असेल तर डक्ट बघा, स्विचला गप्प बसवू नका. असा डायरेक्ट केलेला ड्रायर दिसला तर मी तो तिथेच बंद करतो, मग मालकाने कितीही आरडाओरडा करू दे.

आता आत येणारी हवा, ही तर लोक पूर्णच विसरतात. अडीच मिनिटांत खोली रिकामी होत असेल तर तेवढीच हवा कुठूनतरी आत यायला हवी की नाही? एसी वाया जातो म्हणून सगळ्या खिडक्या सिलिकॉनने बंद केलेल्या, दाराला खाली रबर, आणि तीन ड्रायर चालू. मग दार उघडताना ओढून धरल्यासारखं जड लागतं, फटीतून शिट्टी वाजते. टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या फटीशी धरा, आत जोरात ओढली जात असेल तर ड्रायर उपाशी आहेत. (अगरबत्तीने छान दिसतं पण कापूस उडणाऱ्या खोलीत अगरबत्ती नको.) बाहेरचा डक्ट कितीही झकास केलात तरी आत हवा नसेल तर पंखा ढकलणार काय?

गॅसच्या ड्रायरसाठी अमेरिकन कोडचा एक सोपा हिशोब आहे, दर तासाला १,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णतेमागे एक चौरस इंच मोकळी जागा. पंधरा किलोच्या मशीनचा बर्नर ८५,००० बीटीयूचा धरला, म्हणजे साधारण २५ किलोवॅट, तर ८५ चौरस इंच, म्हणजे नऊ बाय साडेनऊ इंचाचं भोक, एका मशीनला. तीन असतील तर तिप्पट. हे कमीत कमी बरं का, मॅन्युअलमध्ये जास्त सांगितलं असेल तर तेच धरायचं. आणि मोकळी म्हणजे खरंच मोकळी, धातूचे लूव्हर (तिरक्या पट्ट्यांची झडप) लावले तर साधारण पाऊण भागच मोकळा उरतो, लाकडी असतील तर जेमतेम पाव, त्यामुळे भोक त्या हिशोबाने मोठं करायचं. लूव्हरसमोर कपड्यांची पोती रचून ठेवायची नाहीत हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

उपाशी ड्रायरचा खरा धोका वेळ जास्त लागण्याचा नाही. ड्रायर हवा मिळेल तिथून ओढतो. शेजारच्या खोलीत गॅस गिझर असेल तर त्याचा धूर, जो वर बाहेर जायला हवा, तो उलटा खोलीत ओढला जातो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तोच कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं आणि माणूस म्हणतो उकाड्याने झालं असेल. ड्रायरच्या स्वतःच्या बर्नरलाही हवा कमी पडली की तेच. शेगडीसारखी निळी ज्योत हवी, पिवळी लवलवती दिसली तर मशीन बंद. लॉन्ड्रीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, एका बॅचच्या टॉवेलांपेक्षा स्वस्त येतो. गॅस गळती ओळखायचा अलार्म वेगळा, त्याची जागाही गॅसप्रमाणे बदलते, सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत, पाइपचा गॅस हलका म्हणून छताजवळ.

मग हवा सोडायची कुठे? इथे आपल्या मराठीत एक घोळ आहे. पुण्या-मुंबईच्या बिल्डिंगीत "डक्ट" म्हटलं की लोकांना तो संडास-बाथरूमच्या मागचा उभा बोळ वाटतो, पाइप जातात तो. तळमजल्याच्या गाळ्यात लॉन्ड्री काढणारे खुशाल ड्रायरचं तोंड त्यात सोडतात, डक्टमध्ये डक्ट! वरच्या आठ मजल्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्यात उघडतात, म्हणजे तुमच्या बर्नरचा धूर, वाफ आणि लिंट सगळं लोकांच्या घरात, आणि पाइपांवर वर्षानुवर्षं साचलेला कापूस. सोसायटीची नोटीस येते तीच नशिबाची. त्यात नको, हॉटेलच्या किचनच्या एक्झॉस्टमध्ये जोडून तर नकोच (तेलाचा थर आणि वर कापूस, हे दिव्याच्या वातीचं वर्णन झालं), आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीत तर मुळीच नाही. सरळ उघड्या हवेत, कुणाच्या खिडकीपासून, एसीच्या आउटडोअरपासून आणि हवा आत घ्यायच्या तुमच्याच लूव्हरपासून लांब. शेवटचं ऐकून हसू नका, बाहेर टाकलेली दमट हवा परत आत घेणाऱ्या लॉन्ड्र्या मी बघितल्यात.

तोंड खाली वळवलेलं, जमिनीपासून निदान एक फूट वर, आणि जमत असेल तर पश्चिमेला नको. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून-पश्चिमेकडून येतो, ताशी ३६ किलोमीटरचा वारा समोरून आला तर पाव इंच दाब तोच घालतो, म्हणजे तुमच्या अर्ध्या इंचातला निम्मा गेला. आणि तोंडावर जाळी नाही. मला माहितीय तुम्ही काय म्हणणार, कबुतरं! मित्रानेही हेच म्हटलं, आणि त्याच्या जाळीवर लिंटचा असा थर जमला होता की सोलून काढला तर गोधडीचा तुकडा. कबुतरांसाठी हलकी झडप लावायची, मशीन चालू झाली की हवेने उघडते, बंद झाली की पडते. झडप मोकळी हलते की नाही ते मात्र बघत राहायचं.

आडव्या डक्टला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या. बाहेर जाणारी हवा दमट असते, पत्रा तीस-पस्तीस डिग्रीच्या खाली गेला की आत पाणी सुटतं, नाशिकला डिसेंबरच्या सकाळी हमखास. ओल्या पत्र्याला लिंट चिकटते आणि वाळून पापड होते. बाहेरून लांब जाणारा भाग असेल तर त्याला इन्सुलेशन करा, न पेटणारं.

दोन-तीन ड्रायर एकाच मोठ्या डक्टला जोडायचे असतील तर ते फॅब्रिकेटरच्या अंदाजाचं काम नाही, एचव्हीएसीच्या (एसी आणि हवा खेळवण्याचं काम करणाऱ्या) माणसाकडून काढून घ्या, प्रत्येक मशीनमागे मुख्य डक्ट रुंद होत जायला हवा, जोड तिरका हवा, आणि बंद मशीनमध्ये शेजारच्याची हवा उलटी शिरू नये म्हणून झडपा हव्यात. मला विचाराल तर प्रत्येकाला वेगळा डक्ट, भिंतीला दोन भोकं जास्त पडतात एवढंच. इलेक्ट्रिक ड्रायरवाल्यांना वाटतं आपल्याला हे काही लागू नाही, त्यांचा बर्नरचा धूर वाचला हे खरं, बाकी लिंट आणि वाफ तेवढीच. बाहेर भिंतच मिळत नसेल तर हीट पंपचा ड्रायर येतो, तो वाफेचं पाणी करून ड्रेनमध्ये सोडतो, महाग आहे आणि वेळ जास्त घेतो, पण चुकीच्या डक्टपेक्षा बरा.

डक्ट कितीही चांगला असला तरी काही गोष्टी ड्रायरमध्ये घालायच्याच नाहीत. पेट्रोल ड्रायक्लीनचे, म्हणजे एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन, पटकन पेटणारं द्रव) लागलेले कपडे साध्या ड्रायरमध्ये गेले तर स्फोट होऊ शकतो. आणि स्पाचे तेलकट टॉवेल, यांची भीती मला आगीच्या इतर कारणांपेक्षा जास्त वाटते, कारण ते ड्रायर बंद झाल्यावर पेटतात. काही तेलं हवेतला ऑक्सिजन घेत स्वतःच तापत जातात, जवसाचं सगळ्यात वाईट, तिळाचं मधलं, खोबरेल त्यामानाने गरीब. धुवूनही तेल पूर्ण निघत नाही, मग असे टॉवेल गरमागरम काढून ढीग घातला की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि मध्यरात्री धूर. म्हणून शेवटची पाच-दहा मिनिटं थंड हवेची असतात ती कापायची नाहीत, घाई असली तरी, आणि मध्येच लाइट गेली तर कपडे आत तसेच ठेवायचे नाहीत, काढून पसरायचे.

मित्राकडे मग काय केलं? भिंतीतलं होल आठ इंचाचं करून घेतलं, चारापैकी दोन बेंड काढले, लवचिक पाइप भंगारात, जाळीच्या जागी झडप, एअरफ्लो स्विच परत जोडला, पुढच्या खिडकीची एक काच काढून लूव्हर बसवलं, आणि वळणावर हात घालून साफ करता येईल असं झाकण ठेवलं. सगळं मिळून नवीन बर्नरच्या निम्म्यात. बॅच अडतीस मिनिटांवर आली, तीही भर पावसात.

साफसफाईचं म्हणाल तर मशीनची जाळी दिवसातून अनेकदा, आणि आतला डक्ट किती दिवसांनी हे तुमच्या कपड्यांवर, नवीन टॉवेल भरपूर कापूस सोडतात, पॉलिस्टरच्या चादरी कमी. मित्राच्या ऑपरेटरने त्यावर स्वतःच एक युक्ती काढलीय. एकच ठरावीक बॅच, पंधरा किलो जिमचे टॉवेल, दर सोमवारी किती मिनिटांत निघाली ते तो मशीनशेजारच्या भिंतीवर खडूने लिहितो. ३८, ३८, ३९, ४१, आणि ४४ झाले की मशीन बंद करून झाकण उघडतो. परवा गेलो तेव्हा ४६ लिहिलेलं होतं. विचारलं काय रे, तर म्हणे डक्ट साफच होता, झडपेत कबुतराने दोन काड्या आणून ठेवल्या होत्या.